आहाराचा कागद लिहिण्याआधी: मुलांच्या वजनाच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये आमच्याकडे कामाला नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी माझाच एक जुना कागद दाखवते. त्यावर माझ्या टापटिपीच्या अक्षरात लिहिलंय: सकाळी ओट्स, अकरा वाजता एक फळ, चारला मोड आलेले मूग, सातला जेवण, तेल कमी, बाहेरचं बंद. मुलगा ९ वर्षांचा होता. दोन महिन्यांनी परत आला तेव्हा वजन दोन किलोनं वाढलेलं. कागद मात्र चार घड्या घालून आईनं मोबाइलच्या कव्हरात जपून ठेवला होता. मी चिडले. "सात वाजता जेवायला वाढायला काय होतं हो?" असंही बोलून गेले. आई गप्प. बोलला तो मुलगा. "सातला आई घरी नसते."

आई एका टिफिन सेंटरवर पोळ्या लाटायची, संध्याकाळी पाच ते रात्री नऊ. वडील लोडिंग रिक्षा चालवत, तेही रात्रीच्या पाळीला. हा आणि धाकटी बहीण बाहेरून कडी घातलेल्या खोलीत, सोबतीला टीव्ही आणि परमल-सेंवेचा, म्हणजे कुरमुरे-शेवेचा, डबा. दीडशे पोळ्या लाटून आलेल्या बाईला मी जेवणाची वेळ शिकवत होते.

त्यानंतर मी कागद लिहिणं सोडलं नाही, पण तो शेवटी लिहायला लागले. त्याआधी काय करायचं, ते इथं सांगते. समुपदेशक, आहारतज्ज्ञ, परिचारिका, समाजकार्याचे विद्यार्थी, मंडळाचे स्वयंसेवक, असे डॉक्टरांच्या खोलीबाहेर कुटुंबाशी बोलणारे जे कोणी आहेत त्यांच्यासाठी हे आहे.

पहिली पायरी: मोजमाप, आणि तेही आडोशाला

उंची भिंतीला लावलेल्या पट्टीवर, चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून घ्यायची. वजन पातळ कपड्यांत. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. १४० सेंटिमीटर उंच आणि ४५ किलोच्या मुलाचा हिशोब असा: १.४ गुणिले १.४ म्हणजे १.९६, आणि ४५ भागिले १.९६ म्हणजे साधारण २३. नवे लोक इथेच घसरतात. मोठ्या माणसाला २३ हा फार चिंतेचा आकडा नाही, पण १० वर्षांच्या मुलाला तो बराच वरचा आहे. म्हणून आकडा नुसता वाचायचा नाही, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढतक्त्यावर मांडायचा. मुलांचा तक्ता वेगळा, मुलींचा वेगळा, ५ ते १८ वर्षांसाठी. त्यात मोठेपणीच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत. पहिलीच्या वर वजन जास्त, दुसरीच्या वर स्थूलता. पाच वर्षांखालच्या मुलांना जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते लागतात.

काही गोष्टी दिसल्या की पुढच्या गप्पा थांबवून मूल परत डॉक्टरांकडे न्यायचं. वजन जास्त पण उंची वयाच्या मानानं खुंटलेली, मानेवर काखेत काळपट जाड कातडी, रात्री जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडखळणं, मांडीच्या सांध्यात किंवा गुडघ्यात दुखून लंगडणं, सतत डोकेदुखी. फिट्सची किंवा मानसिक आजाराची काही औषधं आणि स्टेरॉइड यांनीही वजन वाढतं, तेव्हा औषधांची पिशवी बघायला मागायची. आईनं स्वतःहून ते औषध बंद केलं असेल, तर ते कळणंही फार महत्त्वाचं.

आकडा मोठ्यानं वाचू नका. रांगेत बसलेल्या दहा जणांसमोर "अडतालीस!" असं ऐकलेलं मूल पुढच्या वेळी काट्यावर उभं राहायला तयार होत नाही, आणि मग आपण त्याला हट्टी म्हणतो. 'लठ्ठ', 'जाडा', 'मोटू' हे शब्द घरचे वापरतील, आपण वापरायचे नाहीत. "वय-उंचीच्या मानानं वजन थोडं पुढे गेलंय" एवढं पुरतं.

दुसरी पायरी: विचारण्याची परवानगी

घरच्या पैशांबद्दल विचारणं ही आपल्याकडे नाजूक गोष्ट. त्यातही इंदूरच्या मराठी घरांचा एक स्वभाव मला इतक्या वर्षांत पाठ झालाय. पहिलं वाक्य असतं, "आमच्याकडे तसं काही कमी नाही हो." ते खोटं नसतं, पण पुरतंही नसतं. होळकरांच्या काळापासून इथं राहिलेली घरं आहेत, चाकरीनिमित्त आलेली आहेत, खानदेश-निमाडातून मजुरीला आलेली आहेत. तिघांची अडचण वेगळी, पण लपवायची तऱ्हा एकच.

म्हणून सुरुवात अशी करा: "हे मी सगळ्यांनाच विचारते. काही गोष्टींत आम्ही मदत करू शकतो, काहींत नाही. नको वाटलं तर उत्तर देऊ नका. विचारू का?" यातलं 'सगळ्यांनाच' हे खरं असायला हवं. फाटक्या चपलांच्या बाईला विचारायचं आणि स्कूटीवरून आलेल्या बाईला सोडून द्यायचं, असं केलंत तर पहिलीला ते लगेच कळतं. शिवाय स्कूटीचे हप्तेही थकलेले असू शकतात.

सासूबाई शेजारी असतील तर सून बोलणार नाही, आणि सासूबाईंना बाहेर बसा म्हणायची सोय नाही. आम्ही एक युक्ती करतो. एक जण आजींना घेऊन मुलाची उंची पुन्हा मोजायला जाते, "आजी, जरा याला धरा" म्हणत. तेवढी सात-आठ मिनिटं आईची. आणि आजीशी नंतर वेगळं बोलायचंच, कारण पुष्कळ घरांत स्वयंपाकघराची किल्ली त्यांच्याकडे असते.

मुलाशी स्वतंत्र बोला. फक्त एक प्रश्न: "शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय करतोस, सांग." मध्ये तोंड घालू नका. मला त्या पाच-ते-नऊचा पत्ता असाच लागला असता, मी दोन महिने आधी विचारलं असतं तर.

तिसरी पायरी: कुठे अडतंय ते शोधणं

अन्नापासून सुरू करा. अमेरिकेत अन्नाच्या टंचाईची १८ प्रश्नांची एक लांबलचक पाहणी होती. तिच्यातून निवडलेले दोन प्रश्न २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि आता ते मुलांच्या दवाखान्यांत सर्रास विचारतात. आपल्या बोलीत ते असे बसतात. एक: "गेल्या वर्षभरात, घरातला किराणा संपेल आणि पुन्हा भरायला पैसे नसतील अशी काळजी लागली होती का?" दोन: "आणलेला किराणा पुरला नाही आणि पुन्हा आणायला पैसेच नव्हते, असं झालं का?" दोन्हींना उत्तरं तीनच, नेहमी, कधीकधी, कधीच नाही. दोन्हींपैकी एकालाही 'नेहमी' किंवा 'कधीकधी' आलं तर त्या घरी अन्नाची चणचण आहे असं धरायचं. हिंदीभाषक घरांत मी सरळ विचारते, "महीने के आखिर में घर कैसे चलता है?" उत्तर बहुधा हसण्यातूनच मिळतं.

नवे विचारतात, अहो, वजन जास्त आहे तर चणचण कशी असेल? याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हातात पैसे कमी असले की माणूस पोट लवकर भरेल ते घेतो. मैदा, साखर, तेल, बटाटा, पोतंभर परमल. पाच रुपयांच्या पाकिटात तळलेलं-खारट मिळतं आणि रडणं थांबतं. पाच रुपयांत काकडीही येईल, पण तिनं पोट भरत नाही आणि ती उरली तर सडते. भाजी नासली तर पैसे गेले, सेंव नासत नाही. शिवाय पगाराच्या आठवड्यात घर भरलेलं आणि महिनाअखेरीस रिकामं असलं, की मूल समोर आलेलं आत्ताच संपवायला शिकतं. त्या मुलाला अधाशी म्हणण्याआधी कॅलेंडर बघावं.

देशाच्या पातळीवरही दोन्ही चित्रं शेजारीशेजारीच आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीत २.१ टक्के होतं, पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, ते ३.४ टक्के झालं. त्याच पाहणीत खुरटलेली मुलं तीसहून अधिक टक्के आहेत. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात.

अन्नानंतर वेळ. संध्याकाळी मुलांजवळ कोण असतं? स्वयंपाक कोण करतं, किती वाजता? मग जागा: खेळायला कुठे जातो, तिथे कुत्री आहेत का, अंधार आहे का, मुलीला एकटीला पाठवता का? झोप: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास लागतात, आणि एका खोलीच्या घरात टीव्ही बंद होईपर्यंत कोणीच झोपत नाही. मग येण्या-जाण्याचा खर्च, इथे येण्यासाठी बुडालेली आजची मजुरी, कर्ज, आजारपण, घरातली भांडणं आणि दारू. शेवटचे दोन विषय पहिल्याच भेटीत काढू नका. कागदपत्रांचं मात्र पहिल्याच भेटीत विचारा, कारण त्याला महिने लागतात.

एक गोष्ट चणचणीची नाही, पण तितकीच खरी. जुन्या इंदूरातल्या एका वाड्यात बारा वर्षांची मुलगी आजी-आजोबांपाशी राहायची, आई-वडील नोकरीला पुण्यात. पैसे दर महिन्याला यायचे, घर स्वच्छ, देवघरात समई. आजींचे गुडघे गेलेले, आजोबांना कमी दिसायचं. जिना उतरून भाजी आणायची कोणी? फोनवरून जेवण मागवणं नातीला येत होतं, आणि आजी-आजोबांची तेवढीच सोय. या घराला शिधा नको होता, सोबत हवी होती. आठवड्यातून दोनदा भाजी पोचवणारा एक ठेलेवाला आणि संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या शेजारच्या दोन मुली, एवढ्यावर निम्मं काम झालं. सामाजिक गरज म्हटलं की आपल्याला गरिबीच दिसते. एकटेपणाचं मोजमाप कुठल्याच तक्त्यावर नसतं.

चौथी पायरी: एकच गोष्ट निवडायची, आणि निवड त्यांची

यादी झाली की हात शिवशिवतात. सगळंच सुधारू या असं वाटतं. थांबा. त्यांना विचारा, "यातलं कशाचं ओझं सर्वांत जास्त वाटतं?" बहुतेक वेळा ते वजन नसतं, शाळेची फी असते, नाहीतर नवऱ्याची मोडलेली रिक्षा. त्यात आपण काही करू शकलो तर करायचं. नाही तर स्वच्छ सांगायचं, "यात माझा हात पोचत नाही." खोटी आशा दाखवलेलं कुटुंब परत येत नाही.

अमेरिकन बालरोग अकादमीनं जानेवारी २०२३ मध्ये या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या मते संपूर्ण कुटुंबाला धरून, समोरासमोर बसून, ३ ते १२ महिन्यांत निदान २६ तास दिले तर फरक पडतो. हा आकडा ऐकून आमच्याकडच्या नव्यांचे चेहरे पडतात. ओपीडीत कोणाला २६ तास मिळतात? पण हिशोब करा. २६ तास म्हणजे ५२ अर्धे तास, म्हणजे वर्षभर आठवड्याला अर्धा तास. आम्ही त्यातला मोठा भाग पाच-सहा कुटुंबांच्या रविवारच्या गटात भागवतो. फोन हा समोर बसण्याची बरोबरी करत नाही, पण दोन भेटींमधला धागा तुटू देत नाही. पुस्तकात लिहिल्यासारखं होत नाही, हे मान्य.

पाचवी पायरी: मदतीची वही

प्रत्येकानं स्वतःची वही करायची. माझ्या वहीची झेरॉक्स मागू नका. ती जुनी झालेली असते, आणि वही करताना जी पायपीट होते तिथेच खरं शिक्षण होतं. ज्या ठिकाणाचं नाव लिहाल तिथे एकदा स्वतः जाऊन या: किती वाजता उघडतं, कोणाला भेटायचं, रांग किती, बोलतात कसे.

पहिलं पान कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानाचं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य गटाच्या घराला माणशी महिना ५ किलो धान्य, सर्वांत गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे फुकट आहे. मध्य प्रदेशात त्यासाठी समग्र आयडी (राज्याच्या कुटुंब-नोंदणीचा क्रमांक) आणि पात्रता पर्ची (धान्यासाठी पात्र असल्याची चिठ्ठी) लागते. घोडं बहुधा इथेच अडतं: नवं बाळ किंवा लग्न होऊन आलेली सून समग्रमध्ये चढलेलीच नसते, म्हणजे घरात पाच माणसं आणि धान्य तिघांचं. महाराष्ट्राचं कार्ड असलेलं कुटुंब 'एक देश एक राशन कार्ड'खाली इथल्या दुकानातून आधारवर अंगठा देऊन उचल करू शकतं. कार्ड गावी सासऱ्यांकडे आहे म्हणून वर्षभर विकत गहू खाणारी घरं मी पाहिली आहेत.

एक लक्षात ठेवा, कंट्रोलमधून येतो तो गहू-तांदूळ. डाळ-भाजीची उणीव त्यानं भरत नाही, पण गव्हाचे वाचलेले पैसे डाळीकडे वळवता येतात. हे वळवण्याचं बोलणं आपण करायचं, आणि त्याच दिवशी.

दुसरं पान शाळा आणि अंगणवाडीचं. सहा वर्षांखाली अंगणवाडी. पहिली ते आठवी, सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचं जेवण. प्राथमिकला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, वरच्या वर्गांना ७०० आणि २०, असा त्याचा मापदंड आहे. जास्त वजनाची बरीच मुलं हे जेवण लाजेनं टाळतात, 'अजून खातो' असं ऐकायला लागतं म्हणून. मग चार वाजता भूक फुटते आणि पाकीट येतं. ते जेवण बसून खाऊ देणं हा उपचाराचाच भाग आहे, हे शाळेतल्या बाईंना समजावून सांगायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक या शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतं. ती तारीख विचारून ठेवा.

तिसऱ्या पानावर चाचा नेहरू बाल चिकित्सालय आणि एम. वाय. रुग्णालय, त्यांच्या ओपीडीच्या वेळांसह. चौथ्यावर दोन नंबर: मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे 'घरातली गोष्ट' म्हणून गप्प बसायचं नाही. आपल्या वरिष्ठांना त्याच दिवशी सांगा.

आणि नंबर लिहून हातात देणं ही मदत नव्हे. समोर बसून फोन लावा, स्पीकरवर टाका, पहिलं वाक्य तुम्ही बोला, मग फोन त्यांच्याकडे द्या. किंवा कोणाला तरी सोबत पाठवा. सरकारी खिडकीवर एकदा "कल आना" ऐकलेली बाई दुसऱ्यांदा जात नाही, कारण 'कल' म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी.

सहावी पायरी: आता ताट

इथे पोचल्यावर आहाराचा कागद काढायचा. ओट्सचं नाव काढू नका. ज्या घरात जे शिजतं त्यातच हलवाहलव करायची.

पोह्यांना उगाच दोष देऊ नका. इंदूरच्या माणसाला पोहे सोड म्हणालात तर तो तुम्हाला सोडेल. पोहे बरे असतात. त्यावरची मूठभर सेंव आणि शेजारची जिलबी हिशोब बिघडवते. घरी पोहे, वर मोड आलेल्या मटकीची उसळ, कांदा, लिंबू, आणि सेंव चिमटीनं. उसळ-पोहे इथे आवडीनं खातात, त्यामुळे हे 'पथ्य' वाटत नाही. जिलबी रविवारी, सगळ्यांनी मिळून. भुट्ट्याच्या दिवसांत भुट्टे, थंडीत मटार-गाजर, बाकी वेळी फुटाणे. रात्री मंडई उठायच्या वेळी भाजीचा भाव उतरतो, हे गृहिणींना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. फक्त त्या वेळी जायला घरात दुसरं कोणी आहे का, ते विचारा.

तेलाचं मोजमाप चमच्यानं विचारू नका, कोणालाच सांगता येत नाही. "एक लिटरची पिशवी किती दिवस पुरते?" हे सांगता येतं. चार जणांच्या घरात महिन्याला दोन लिटरच्या आसपास, असं आम्ही धरून चालतो. पाच लागत असतील तर एकदम दोनवर नाही, आधी चारवर आणायचं. तेलाचे पैसे वाचतात हे सांगितलं की वडीलही कान देतात.

नियम फक्त त्या मुलाला लावले तर सगळंच फसलं. त्याच्या ताटात भाकरी आणि ताईच्या ताटात पुरी, ही शिक्षा झाली. साखर, तळण, पाकिटं, हे बदल घरातल्या सगळ्यांसाठी, आजोबांच्या चहासकट. आजींना मी सांगते, "तुमच्या हातचा लाडू बंद नाही करायचा, पण तो दिवाळीचा राहू दे, मंगळवारचा नको." यावर भांडण झालंच तर ते प्रेमाचं भांडण असतं, चालू द्यावं.

सराफ्याबद्दल नेहमी विचारतात. सोन्याची दुकानं मिटल्यावर तिथं खाण्याची रात्र सुरू होते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. पाहुणे आले की न्यावंच लागतं. न्या. भुट्ट्याचा कीस चौघांत एक प्लेट, गराडू (तळलेला कंद) एकच, आणि मूल दहाच्या आत अंथरुणात. झोपेचं खोबरं जिलबीइतकंच महाग पडतं.

सातवी पायरी: शाळा आणि मैदान

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. २०२५ मध्ये सीबीएसईनं शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. नियम कागदावर असतात. फाटकापाशी ठेलाही असतो, आणि तो ठेला चालवणाऱ्याच्या घरीही मुलं असतात. ठेला उठवायला जाऊ नका. मुख्याध्यापकांना सांगून त्याच ठेल्यावर उकडलेले चणे-भुट्टे ठेवता आले तर बघा. एका ठिकाणी जमलं, दोन ठिकाणी नाही.

वर्गशिक्षिकेला भेटाल तेव्हा वजनाची गोष्ट काढू नका. "त्याला नावानं हाक मारावी, एवढं पाहाल का?" इतकंच. चिडवणं थांबलं की मूल मैदानात उतरतं. चिडवणं चालू असताना त्याला पळायला लावणं म्हणजे तमाशा.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्याला मैदानच हवं असं नाही. उन्हाळ्यात इंदूरला दुपार वाया जाते, पण माळव्याची रात्र थंड, 'शब-ए-मालवा' उगाच नाही म्हणत. जेवणानंतर सगळ्या घरानं कॉलनीला दोन फेऱ्या मारायच्या, याला पैसे लागत नाहीत. मल्लखांब हा मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे आणि मराठी पालकांना त्याचा उमाळा असतो, पण वजनदार मुलाला पहिल्या दिवशी खांबाला लटकवू नका. लंगडी, खो-खो, लगोरी, नाच, रंगपंचमीच्या मिरवणुकीसाठी, म्हणजे गैरीसाठी, ढोल वाजवायची तालीम, जिथे हसू येईल तिथून सुरुवात.

आठवी पायरी: परत विचारणं

'रेशनचं सांगितलं' असं नोंदवून पान उलटू नका. दोन आठवड्यांनी फोन: "गेलात का? काय झालं?" नाही झालं तर का नाही, ते लिहा. माझ्या वहीत 'नाही'चीच कारणं जास्त आहेत, आणि पुढच्या कुटुंबाला उपयोगी पडतात ती हीच.

नोंदी जपून ठेवा. 'बाप पितो' असं केसपेपरावर लिहू नका. तो कागद चार हातांतून जातो आणि एक हात त्याच मोहल्ल्यातला असतो. 'घरी ताण, पुढच्या वेळी बोलणे' पुरे.

यश कशाला म्हणायचं हे आई-वडिलांना पहिल्या दिवशीच सांगा. वाढत्या मुलाचं वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली, तरी बीएमआय खाली येतो. बऱ्याच मुलांसाठी एवढं पुरतं. सोबत आणखी काही लिहून ठेवा: आठवड्यातून किती दिवस खेळला, पाकिटं किती आली, घोरणं कमी झालं का, शाळा किती बुडाली. वजन न हललेल्या महिन्यात हीच ओळ वाचून दाखवता येते.

त्या पोळ्यावाल्या बाईंचं काय झालं, असं नवे विचारतात. टिफिन सेंटरच्या मालकाशी बोलून पाळी बदलायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग त्याच गल्लीतल्या एका मावशी दोन मुलांना संध्याकाळी आपल्या ओटल्यावर बसवायला तयार झाल्या, बदल्यात रात्री चार पोळ्या. कडी निघाली. मुलं गल्लीत खेळायला लागली, परमलचा डबा मावशींनी वरच्या फळीवर ठेवला. जेवण अजूनही साडेनऊलाच होतं. माझ्या कागदावरचं सात वाजणं त्या घरात कधीच आलं नाही.

आणि पुढची तारीख देताना सोमवार देऊ नका. टिफिन सेंटरला रविवारी संध्याकाळी सुटी असते का, मजुरीचा हप्ता कोणत्या वारी मिळतो, ते आधी विचारा, मग वहीत वार लिहा.